उसाच्या दराची नजर घरच्या बिलांनाही लावा

गाळप हंगाम तोंडावर आला की कोऱ्हाळे बुद्रुकच्या कुठल्याही टपरीवर बसा, बोलणं एकच असतं. सोमेश्वर साखर कारखाना पहिली उचल किती देणार, माळेगाव किती, छत्रपतीचं काय चाललंय. या विषयात आमच्याकडचा चौथी शिकलेला माणूसही सहजासहजी फसत नाही. उचल म्हणजे अंतिम दर नव्हे, हे त्याला ठाऊक असतं. तोडणी-वाहतूक कोणाच्या खात्यातून जाते, कांडेबिल धरून बोलताय की सोडून, काटा कसा आहे, हे तो पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. तोड वेळेवर आली नाही तर उसाचं वजन घटतं आणि चांगला दर कागदावरच राहतो, हेही तो जाणतो. पाहुण्याने सांगितलं, ‘आमच्याकडे जास्त दिला,’ तर हा लगेच म्हणतो, ‘कधीचा ऊस? कुठली जात? आणि पैसे कधी आले?’

हाच माणूस दुकानात जाऊन मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, ‘नेहमीचा मार.’ लाईटबिल आलं की खालच्या चौकटीतली रक्कम बघतो, महाग झालं म्हणून सुस्कारा टाकतो आणि भरून मोकळा होतो. सोलरवाला दारात आला की त्याने सांगितलेला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवतो आणि कमी असेल त्याला होकार देतो. उसाच्या दरात जी नजर आहे ती घरखर्चात का लावत नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. वर्षाकाठी घरातून वीज, मोबाइल, गॅस आणि टीव्हीवर जाणारा पैसा एकत्र मांडून बघा. लहान घरालाही तो जाणवण्याइतका असतो.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती अशी की सगळ्याच गोष्टींत निवड नसते. जिथे निवड नाही तिथे तुलनेत डोकं घालवू नये, तपासणीत घालवावं.

वीज : कंपनी एकच, पण बिल तपासता येतं

आपल्याकडे घरात वीज देणारी कंपनी एकच, महावितरण. दर कंपनी स्वतः ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. वीज कायदा २००३ च्या कलम १४ प्रमाणे एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही परवाना मिळू शकतो, पण गावाकडे घरगुती ग्राहकाला तसा पर्याय मिळालेला नाही. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर काम करते. तिथे कामकाज दुसऱ्याकडे गेलं, तरी दर आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलाच राहिला. राहुरी-श्रीरामपूरकडे मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था कित्येक वर्षं वीज द्यायची. २०११ मध्ये तो भागही महावितरणकडे आला.

खरी निवड मिळाली ती मुंबई उपनगरातल्या घरांना, आणि त्यांचा अनुभव आपण शिकण्यासारखा आहे. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांनाही वीज विकता येईल असा निकाल दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने वाट मोकळी केली : तारा तिथे आधीपासून वीज देणाऱ्या रिलायन्सच्याच राहतील, वीज टाटाची घेता येईल. टाटाचा युनिटचा दर कमी होता म्हणून मोठ्या संख्येने लोक तिकडे वळले. पण तारा दुसऱ्याच्या, म्हणून वहन आकार त्या दुसऱ्याचा. पुढे २०११ मध्ये आयोगाने अशा ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभारही लावला. ज्यांनी फक्त युनिटचा दर शेजारी शेजारी ठेवून निर्णय घेतला होता, त्यांचं गणित तेव्हा हललं. पहिली उचल बघून कारखाना ठरवावा, तसंच ते झालं.

आता आपल्या बिलाकडे या. त्यात स्थिर आकार असतो, तो वीज वापरली नाही तरी लागतो. मग वीज आकार, वहन आकार, कधी कमी कधी जास्त होणारा इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. युनिटचा दर टप्प्यांनी चढतो : पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या, त्यापुढे चौथ्या. म्हणून ‘युनिटला किती पडतं’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. शेजाऱ्याचं बिल तुमच्यापेक्षा दुप्पट आलं याचा अर्थ त्याने दुप्पट वीज वापरली असाही होत नाही.

सगळ्यात जास्त पैसा जिथे निसटतो ती जागा मी नीट सांगतो. बिलावर मागील रिडिंग आणि चालू रिडिंग छापलेली असतात. चालू रिडिंग मीटरवर जाऊन स्वतः बघा. कधी रिडिंग घ्यायला आलेल्या माणसाला घराला कुलूप दिसतं आणि मग सरासरीने बिल येतं. उसाच्या लागणीच्या किंवा खुरपणीच्या दिवसांत घरातली सगळी रानात, तेव्हा हे हमखास घडतं. पुढच्या वेळी खरी रिडिंग आली की दोन महिन्यांचा वापर एकदम धरला जातो. समजा दोन महिन्यांत १८० युनिटं झाली. महिन्याला ९० धरली तर दोन्ही महिने पहिल्या स्वस्त टप्प्यात बसतात. तीच १८० एका महिन्याची म्हणून मोजली तर ८० युनिटं वरच्या, महाग टप्प्यात जातात. टप्प्यांचा फायदा जितक्या महिन्यांचा वापर तितक्या महिन्यांना मिळायला हवा. तो मिळाला आहे का, हे एकदा कागदावर करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

चूक सापडली तर आधी १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्याने भागलं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यापुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरता येते. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ‘भरा नाहीतर तोडतो’ असं कुणी म्हणालं की घाबरून पूर्ण रक्कम भरणारी घरं मी बघितली आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगतो.

(‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरला फोन करा’ असा मेसेज एखाद्या साध्या मोबाइल नंबरवरून आला तर तो महावितरणचा नसतो. लिंक दाबू नका. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन करा.)

किंमत हा सेवेचा अर्धाच भाग. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने घरोघरी छोटी उपकरणं बसवून वीज किती वेळ होती आणि दाब किती होता याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवण्याचा उपक्रम चालवला. आपल्याला उपकरण नको, वही पुरे. वीज कधी गेली, कधी आली, दिवा पिवळा कधी पडला. तक्रार करताना ‘सारखी जाते’ या वाक्याला वजन नसतं. ‘अमुक तारखेला संध्याकाळी साडेसहा ते सव्वानऊ’ या ओळीला असतं.

मोबाइल : इथे निवड आहे, आणि इथेच आळस

मोबाइलमध्ये जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल असे चार पर्याय आहेत आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत पोर्ट, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवला की आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. आपल्या भागात तो चार दिवस चालतो. त्याच परिमंडळातला बदल कामाच्या तीन दिवसांत व्हायला हवा. पण एकदा बदल केला की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही, म्हणून पाऊल उचलण्याआधीच नीट बघायचं.

काय बघायचं? आधी दिवस मोजा. ‘महिन्याचा’ म्हणून विकला जाणारा पॅक बहुतेक वेळा २८ दिवसांचा असतो. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. नियामक संस्था ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा पॅक ठेवायला लावलं. तो मागितल्याशिवाय सहसा कुणी दाखवत नाही. गणित नेहमी वर्षाचं करा. समजा २८ दिवसांचा पॅक २०० रुपयांना आहे. वर्षाला सुमारे २,६०७ रुपये पडतात. ८४ दिवसांचा ५५० ला असेल तर सुमारे २,३९०. वर्षाचा एकदम २,४०० ला असेल तर २,४००. वर्षाचा पॅक स्वस्त असणारच, असं आपण धरून चालतो. या उदाहरणात तो ८४ दिवसांच्यापेक्षा दहा रुपयांनी महागच आहे, आणि वर तुमचे पैसे वर्षभर अडकवतो. तिसऱ्या महिन्यात रेंज गेली तर? आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, रीत मात्र खऱ्या पॅकला लावून बघा.

दुसरं, रेंज. हे मी स्वतः पैसे देऊन शिकलो. दर कमी दिसला म्हणून एका कंपनीकडे नंबर नेला. गावठाणात, मुख्य रस्त्यावर रेंज भरपूर. घरी कालव्याकडच्या वस्तीवर, स्लॅबखाली, एक काडी. तीन महिने मी जिन्यात उभा राहून फोन घेतले. दर खोटा नव्हता, कंपनीनेही फसवलं नव्हतं. मी तुलना केली ती दराची, आणि मला हवा होता घरात लागणारा फोन. आता मी कुणालाही सांगतो, आधी त्या कंपनीचं सिम असलेला पाहुणा घरी चहाला बोलवा. त्याला माजघरात बसवा, गोठ्यात न्या, संध्याकाळी सात-आठला पुन्हा बघा, कारण त्या वेळी सगळ्यांचे फोन चालू असतात. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे ठेवले आहेत, तेही बघावेत. पण नकाशाला तुमच्या घराच्या भिंती माहीत नसतात.

तिसरं, गरज. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या साध्या बटणाच्या फोनला रोजचा दीड जीबी डेटा कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम करून फक्त बोलणं आणि मेसेज असलेले पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायची मुभा दिली. मागा, मिळतो.

गॅस आणि टीव्ही

गॅसबद्दल थोडकंच. इंडेन, एचपी आणि भारत या तिन्हींचा १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर एका गावात साधारण एकाच भावाने मिळतो, तेव्हा तुलना भावाची नव्हे, वितरकाची. नोंदवल्यापासून किती दिवसांत येतो? पावतीवरच्या रकमेपेक्षा जास्त मागतो का? आणणाऱ्याकडे वजनकाटा असायला हवा, मागितला की वजन करून द्यायला हवं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. गळ्याजवळ ए ते डी यांपैकी अक्षर आणि वर्ष असतं : ‘ए २७’ म्हणजे जानेवारी ते मार्च २०२७ पर्यंत तपासणीची मुदत. वितरक पसंत नसेल तर बदलण्याची सोय जानेवारी २०१४ पासून बऱ्याच जिल्ह्यांत सुरू झाली आहे.

टीव्हीला मासिक पैसे देण्याआधी डीडी फ्री डिशवर तुमच्या घरात खरोखर बघितली जाणारी वाहिनी आहे का ते तपासा. तिला महिन्याचे पैसे नाहीत, फक्त एकदाचा डिश-बॉक्सचा खर्च.

सोलरचे दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून गावात सोलरवाल्यांची ये-जा वाढली. योजना चांगली आहे, हे आधीच सांगतो. एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान. पण ते आधी वजा होत नाही, यंत्रणा चालू झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येतं. फसगत होते ती इथेच. समजा एकजण म्हणाला, तीन किलोवॅटचे १,८०,००० लागतील. दुसरा म्हणाला, फक्त १,१०,०००. दुसरा स्वस्त वाटतो. त्याला विचारा, ‘अनुदान वजा करून सांगताय का?’ हो म्हणाला तर त्याची खरी किंमत १,८८,००० आहे, म्हणजे पहिल्यापेक्षा आठ हजारांनी जास्त. दोघेही खोटं बोललेले नाहीत. आकडे वेगळ्या काट्यावर तोललेले आहेत, इतकंच.

मग पुढचे प्रश्न. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे आहेत का? अनुदानासाठी ते लागतात. इन्व्हर्टरची हमी किती वर्षं? सांगाडा किती उंच, वाऱ्याला किती पक्का? पाच वर्षं देखभाल विक्रेत्याने करायची असते, ते कागदावर लिहिलंय का? पाण्याच्या टाकीची किंवा नारळाची सावली सकाळी कुठे पडते, हे छतावर चढून बघितलं का? विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला आहे का?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न : तुमचा वापर किती? एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिटं देतं, म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे. पावसाळ्यात कमी. महिन्याला ३०० युनिटं जाळणाऱ्या घराची सोलरमुळे वरच्या, महाग टप्प्यातली युनिटं आधी वाचतात, त्याचे पैसे लवकर फिटतात. ७० युनिटंच वापरणाऱ्या घराची स्वस्त टप्प्यातली युनिटं वाचतात आणि स्थिर आकार तर राहतोच. ‘फलाण्याचं बिल शून्य झालं’ हे ऐकून सोलर बसवू नका. फलाण्याच्या घरात एसी आहे का, विहिरीवरचं पाणी घरच्या मोटरने चढतं का, ते आधी बघा. कमी वापराच्या घराने त्याआधी पंखे बदलावेत. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १९७ युनिटं वाचतात.

तुलना करून देणाऱ्याची तुलना

आता उरले ते सल्ला देणारे. फोनवर ॲप उघडलं की सगळ्या कंपन्यांचे पॅक एका ओळीत दिसतात, ‘बेस्ट’ आणि ‘पॉप्युलर’ असे शिक्के लागलेले. आणि गावात आपली जुनी तुलना सेवा आहेच, ती म्हणजे रिचार्जचं दुकान. लोक दोन टोकांना जातात. काही ॲपवर डोळे मिटून भरवसा ठेवतात. काही म्हणतात, ‘कमिशन खातात, सगळे चोर.’ दोन्ही चूक आहे असं माझं ठाम मत आहे.

कमिशन घेणं हा गुन्हा नाही. अडत्या घेतोच की. प्रश्न असा, की कमिशनमुळे तो तुम्हाला वेगळं सांगतो का? दुकानदाराला एखाद्या कंपनीकडून चार पैसे जास्त सुटत असतील, पण कोणत्या वस्तीवर कुणाची रेंज मरते हे त्याला ठाऊक असतं, आणि ते कुठल्याच ॲपला ठाऊक नसतं. ॲपला सगळ्यांचे आजचे दर ठाऊक असतात, ते दुकानदाराला पाठ नसतात. ज्याने जे काम करतो म्हणून सांगितलंय त्याच कामावर त्याला तोलावं. रिचार्जच्या ॲपने डीडी फ्री डिश दाखवली नाही म्हणून त्याला दोष देऊ नये. ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून दाखवलं आणि बीएसएनएल यादीतच नव्हता, तर जरूर द्यावा.

ही पारख करायची एक साधी रीत मी वापरतो. एका कागदावर गरज लिहायची : महिन्याला किती बोलणं, किती डेटा, घरात रेंज हवी की रानात. मग तोच प्रश्न, त्याच दिवशी, चार जागी विचारायचा : दुकानदार, एखादं ॲप, कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ, आणि ट्रायचं दरांचं पान, जिथे कंपन्यांनी सादर केलेले दर बघायला मिळतात. दिवस तोच हवा, कारण दर एका रात्रीत बदलतात. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तीन खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ वाढवले होते. कालचं ॲप आणि आजचा दुकानदार यांची तुलना केली तर ज्याचा दोष नाही त्याच्या माथी दोष बसतो. मग बघायचं : किती कंपन्या दाखवल्या? क्रम कशावरून लावला, किमतीवरून की आणखी कशावरून, आणि ते कुठे लिहिलंय का? पहिल्या पानावरची रक्कम आणि पैसे भरतानाची रक्कम तीच आहे का? ‘प्लॅटफॉर्म फी’च्या नावाखाली दोन-तीन रुपये शेवटच्या पानावर चढतात का? आकडे दाखवण्याआधीच मोबाइल नंबर मागितला का?

शेवटच्या क्षणी रक्कम चढवणं, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, ‘दोनच मिनिटं उरली’ अशी खोटी घाई करणं, जाहिरात असूनही माहिती असल्यासारखी दाखवणं, या सगळ्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावं दिली आहेत. असे एकूण १३ प्रकार त्यांनी मना केले. दिसले तर स्क्रीनचा फोटो काढून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येतं.

पण एका चुकीवरून निकाल देऊ नका. चूक दिसली की आधी त्यांना कळवा. आठवड्यात दुरुस्त झाली तर ती चूक होती. तीन महिन्यांनी पुन्हा तेच, आणि प्रत्येक चूक त्यांच्याच फायद्याची, तर मग तो डाव समजा.

आपल्याकडची काही मुलं लंडन-मेलबर्नला आहेत. तिथे वीज-गॅसची कंपनीच बदलता येते, म्हणून तुलना करून देणाऱ्या सेवा तिथे फार जुन्या आहेत, आणि त्यांची पारखही कडक होते. ऑस्ट्रेलियात आयसिलेक्ट नावाच्या सेवेने लोकांना असं भासवलं की ती आपल्या भागीदार कंपन्यांच्या सगळ्या योजना तोलून उत्तम ती सुचवते. तसं होत नव्हतं. २०२० मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने तिला ८५ लाख डॉलरचा दंड केला. त्याच वर्षी ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने कंपेअर द मार्केट या सेवेला घरविम्याच्या करारांवरून १ कोटी ७९ लाख पौंडांचा दंड केला. पण २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला. या दोन्ही गोष्टी मी एकत्र सांगतो, कारण आरोप झाला म्हणजे दोष ठरला असं नसतं.

ब्रिटनचीच आणखी एक गोष्ट. २०२१ च्या शरद ऋतूत गॅसचे घाऊक भाव भडकले आणि स्वस्तात वीज-गॅस देणाऱ्या कित्येक छोट्या कंपन्या बुडाल्या. लोकांचे दिवे विझले नाहीत, कारण नियामकाने त्यांना दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं. पण तुलनेच्या यादीत जे नाव काल सगळ्यात वर होतं ते आज अस्तित्वातच नव्हतं. यादीतला पहिला नंबर हा त्या दिवसापुरता असतो. सोलरवाल्याच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवा, कारण त्याची पाच वर्षांची देखभाल तो पाच वर्षं टिकला तरच उपयोगाची.

एकट्याने हे सगळं जमत नसेल तर चौघांनी मिळून करा. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. मुंबईच्या ग्राहक पंचायतीने घराघरांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र आणायची पद्धत वर्षानुवर्षं चालवली. बचत गटाच्या महिला दर महिन्याला एकत्र बसतातच. त्या बैठकीत वीस मिनिटं प्रत्येकीने आपापलं लाईटबिल आणावं. शेजारी शेजारी ठेवल्यावर सरासरीचं बिल कोणाचं, टप्पा कोणाचा चुकला, वितरक कोणाकडून जास्त घेतो, हे आपोआप उघडं पडतं. पाच जणींना एकाच विक्रेत्याकडून सोलर घ्यायचं असेल तर भावही बसून करता येतो.

माझी आत्या कालव्याकडच्या वस्तीवर राहते. बटणाचा फोन, दिवसातून दोन फोन लेकींना, आणि डेटाचा पॅक दर २८ दिवसांनी. परवा तिच्या ओसरीवर बसून चार जागी विचारायचा प्रयोग केला. ॲपने आधी डेटाचे पॅक दाखवले. फक्त बोलण्याचा पॅक बराच खाली सापडला. कंपनीच्या संकेतस्थळावर तो होता, पण वेगळ्या पानावर. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, ‘मावशींना डेटा कशाला पाहिजे, बोलायचाच मारतो की. मला काय कुणी विचारलंच नव्हतं.’ वर्षाचा खर्च काढला तर निम्म्याच्या आसपास आला. आत्याने त्याच्याकडूनच रिचार्ज करून घेतला आणि मुदत संपायची तारीख कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, मला लिहायला लावली.